लारकिलची मागची खोली

"फाटकाच्या आत मी यायची नाही म्हणजे नाही," आई म्हणाली आणि भाकरीचं फडकं तिनं खांबाच्या दगडावर ठेवलं. "इथनंच घेऊन जात जा. आणि हौसे, त्या मागच्या खोलीत एकटी शिरू नको. इलाहीभावजींना संगं ठेव."

"अगं आई, काम त्याच खोलीचं आहे. छत अर्धं खाली आलंय. मग काय, बाहेर उभी राहून चुना फेकून मारू वर?"

ती हसली नाही. माझ्या बोलण्यावर हसायची तिला सवयच नव्हती. पदरात हात गुंडाळून तिनं एकदा बंगल्याच्या पत्र्याकडं बघितलं, मान फिरवली आणि उताराला लागली. फडकं अजून गरम होतं. मी ते उचलून आत आले.

ही गोष्ट आता जुनी झाली. माझे गुडघे मला शिडी चढू देत नाहीत, आणि पाचगणीत पट्टीची छतंही फारशी उरली नाहीत. पण तेव्हा मी पंचविशीत होते, अंगात रग होती, आणि तोंडाचं तर विचारूच नका. माझा बाप लिंबाजी गवंडी. त्यानं मला गवंडीकाम शिकवलं आणि आईनं गप्प बसायला. पहिलं जमलं, दुसरं या जन्मी नाही.

लारकिल हा गावाच्या टोकाचा बंगला. पाटीवर इंग्रजीत लांबलचक काहीतरी होतं, गावानं त्याचं लारकिल करून टाकलं. मालक गझदर नावाचे पारशी. माझी आई सारजा लग्नाआधी तिथं आया होती. थोरल्या मुलीला सगळे बेबी म्हणायचे, आणि धाकटा सोली, पाळण्यातला. दोघांत आईचा जीव सोलीवर. ती आणि तो मागच्या खोलीत निजायचे, तो पाळण्यात, ती उंबऱ्याला डोकं लावून चटईवर. ऐन थंडीत एका सकाळी दार उघडलं तर पोर पाळण्यात गेलेलं आणि आई उंबऱ्यावर ओकाऱ्या काढत पडलेली. धड बोलता येईना, धड उभं राहता येईना.

त्या काळी तान्ह्या पोरांना झोप लागावी म्हणून बाया नखभर अफू चाटवायच्या. त्यामुळं कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. सारजानं पोराला अफू चाटवली, उरलेली आपण खाल्ली, संपलं. चावडीवर दिवसभर बसवून ठेवली तिला. काही शाबीत झालं नाही म्हणून सोडली, पण गावानं नाव ठेवलं ते ठेवलंच. अफूवाली सारजा. मी शाळेत भांडले की पोरी मला हेच ऐकवायच्या, आणि मी त्यांच्या झिंज्या उपटायचे.

अशा पोरीला पदरात कोण घेणार? माझा बाप पुढं आला. मानपान नको, लुगडं नको, दोन हार आणा म्हणाला. आई आयुष्यभर ते विसरली नाही. बाप गेल्यावरसुद्धा रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या फोटोपुढं उदबत्ती लावायची आणि तेच म्हणायची, "मला माणसांत आणली यांनी."

हे सगळं मी सोसलं असतं हो. पण माझी बायडी झाली आणि मला कळलं की आई तिला हात लावत नाही.

एकदाही नाही. तेल गोदाकाकू लावायची, न्हाऊ गोदाकाकू घालायची. शेजारीण ती, माझ्या पोरीला पायावर घ्यायची, आणि सख्खी आजी भिंतीला टेकून बघत बसायची. मला वाटलं बाळंतिणीचं घर, दमली असेल. मग एक दिवस मी विहिरीवरनं येते तर बायडी रांगत पायरीच्या काठाला आलेली. आई दोन हातांच्या अंतरावर उभी. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ओरडत होती, "गोदा, अगं गोदा, धाव, पोर पडतंय!" मी कळशी टाकून झडप घातली म्हणून वाचली पोरगी.

"तुला हात नाहीत का गं?" मी इतकी ओरडले की आळी गोळा झाली.

आई घरात निघून गेली. रात्रीची भांडी घासताना हळूच म्हणाली, "हौसे, ते माझ्या हातांना चिकटलंय. त्या खोलीतलं. त्या दिवशी माझ्या छातीवर कोणतरी बसलं होतं. भिंतीत कोणतरी चालत होतं. मी सोलीबाबाला घ्यायला उठायला गेले तर पाय माझे नव्हते. तुझ्या बापानं मला सांगितलं, तू नव्हतीस, ते खोलीतलं होतं. त्यांनी सांगितलं म्हणून मी जगले. पण ते आता हातात आहे. तुझी पोर मला पायजे. जित्ती पायजे."

माझ्या बापानं सांगितलेलं मी तरी कसं खोडणार? माझा तर देव तो. पण माझ्या पोरीला आजी पाहिजे होती, आणि माझ्या आईला ती पोर पाहिजे होती, हे मला दिसत होतं. म्हणून पेरीनबाईंचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पेरीनबाई म्हणजेच ती बेबी. आईबाप गेल्यावर बंगला त्यांच्या नावावर आला होता आणि त्या नीट करून तिथंच राहणार होत्या. इलाही मिस्त्री म्हणाला, "नको घेऊस ते काम." इलाहीचाचा बापाचा जोडीदार, माझ्याबरोबर काम करायचा. मी म्हटलं, "का? भूत खातंय का? खाऊ दे, मलाही बघू दे त्याला."  चाचा सामान उचलून माझ्या मागनं आला.

पट्टीचं छत म्हणजे कसं, तर वाशांना खालून बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, दोन पट्ट्यांत फट ठेवायची आणि बकऱ्याचे केस घालून मळलेला चुना खालून दाबायचा. चुना फटीतनं पलीकडं जातो, तिथं बोंड धरतो आणि त्यानंच छत लटकून राहतं. मधल्या भिंतीही तशाच, दोन्हीकडनं पट्ट्या आणि आत पोकळी. बापाची एक सवय होती. काम संपताना, जिथं कुणाला दिसणार नाही अशा मागच्या बाजूला, तो भंडाऱ्याची तीन बोटं ओल्या चुन्यात उठवायचा. खंडोबाच्या नावानं. म्हणायचा, पुढची बाजू मालकाची, मागची देवाची. हळदीला चुना लागला की लाल होते, म्हणून ती बोटं लालसर राहायची. मधलं बोट आखूड, कारण त्याचं पेर लहानपणी चरकात गेलं होतं.

आणि त्याचा एक नेम होता. छताला हात लावायच्या आधी धुराडं शोधायचं. कुठनं निघतं, कुठनं बाहेर पडतं, आपल्या डोळ्यानं बघायचं, मालकाच्या सांगण्यावर जायचं नाही. मी एकदा न बघता शिडी चढले तर त्यानं घमेलं फेकून मारलं होतं मला. एरवी कधी बोट न लावणारा माणूस. मी रडत म्हटलं, "एवढं काय झालं?" तर तो अंगणात जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत आत आला नाही.

लारकिलवर मी पत्रा बघितला. स्वयंपाकघरावर एक धुराडं होतं, ते पलीकडच्या अंगाला. मागच्या खोलीवर काहीच नव्हतं. मग बिनघोर कामाला लागले.

खोली किती वर्षांनी उघडली कोण जाणे. काचा फुटलेल्या म्हणून खिडक्यांना बाहेरनं फळ्या मारलेल्या. पेरीनबाईंना धूळ सोसायची नाही. त्या म्हणाल्या, "हौसा, दार बंद कर हां, त्याला गोणपाट लाव. घरभर चुना नको." म्हणून दारही बंद. एक कंदील टांगला आणि मी पहारीनं छत पाडायला घेतलं. चाचा बाहेर चुना चाळत होता.

थोडा वेळ ठीक गेला. मग डोकं ठणकायला लागलं. मी म्हटलं धूळ आहे. तोंडाचं फडकं घट्ट केलं. मग कुणीतरी भिंतीत चाललं. खरंच सांगते, चाललं. टक, टक, सावकाश, वर जात होतं. मी पहार थांबवली. ते थांबलं नाही.

"कोण गं तू भवाने?" मी ओरडले. "माझ्या आईला छळलंस, आता मला? ये की पुढं!"

माझाच आवाज मला लांबनं आल्यासारखा वाटला. छातीवर ओझं आलं, कुणी मांडी घालून बसावं तसं. कंदील पिवळा-निळा दिसायला लागला. आणि कोपऱ्यात, जिथं पाळण्याचे आकडे अजून तुळईला होते, तिथं एक बाई पाठमोरी बसलेली. केस सोडलेले. मांडीवर काहीतरी घेऊन हलत होती. मला ती पाठ ओळखीची वाटली. मी "आई" म्हणून हाक मारायला गेले तर जीभ उचलेना. शिडीवरनं कशी उतरले, दार कसं उघडलं, ठाऊक नाही. व्हरांड्याच्या पायरीवर भडाभडा ओकले.

चाचा धावत आला. मला धरून त्यानं पाणी पाजलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"चल घरी," म्हणाला. "सोड हे काम. ती खोली वाईट आहे. तुझ्या बापानं कितीदा सांगितलं सगळ्यांना."

मी घरी गेले नाही. जाणार कशी? आईला काय सांगू, की तू म्हणतेस ते खरं आहे? मग बायडीला आजी कधीच मिळणार नव्हती. पायरीवर बसून राहिले. वारं लागलं तसं डोकं हलकं झालं. दुपारी हट्टानं पुन्हा आत गेले, आणि काही झालं नाही. भिंत गप्प, कोपरा रिकामा. दिवस मावळेपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, डोकं, पावलं, ओझं. या वेळी मी बाईला बसायला वेळच दिला नाही, आधीच बाहेर पळाले. आणि व्हरांड्यात बसल्या बसल्या मला राग आला. हे कसलं भूत, सकाळी कामावर येतं आणि दुपारी सुट्टी घेतं?

तेवढ्यात पेरीनबाई न्हाऊन बाहेर आल्या. केस टॉवेलात, अंगाला गरम पाण्याची वाफ.

"बाई," मी विचारलं, "पाणी कुठं तापवता तुम्ही?"

"न्हाणीत. ममाचा जुना बंब आहे ना, तांब्याचा. कोळशावर मस्त तापतो. का गं? तुझा चेहरा असा का?"

न्हाणी मागच्या खोलीला लागूनच, मधे ती पोकळ भिंत. बाईमाणसाची न्हाणी म्हणून मी आत डोकावले नव्हते. आता शिरले. बंबात कोळसे फुललेले होते. धूर दिसत नव्हता, कोळशाला तो असतोच कुठं? बंबाची धुराची नळी भिंतीत गेलेली होती. मी बाहेर येऊन पत्र्याकडं बघितलं. पत्रा सपाट. पुन्हा आत आले, नळीकडं बघितलं. बापाचं घमेलं मला आता लागलं. मग हे जातंय कुठं?

मी बंबातला विस्तव ओढून पाण्यात टाकला, मागच्या खोलीचं दार सताड उघडलं, खिडक्यांच्या फळ्या पहारीनं उचकटून काढल्या. पेरीनबाई ओरडत होत्या, "अरे, करतेस काय?" शिडी त्या भिंतीला लावली आणि भिंतीकडंचं छत ओढून काढलं. आतमध्ये विटांचं धुराडं वर आलेलं होतं. छताच्या हातभर खाली कुणीतरी ते मोडलं होतं आणि तोंडावर पट्ट्या ठोकून चुना लिंपला होता. विटांचे सांधे तापून तडकले होते, भिंतीतला चुना टकटक गळत होता. जो वायू वर जायचा तो तुंबून पोकळीत उतरायचा आणि तिथनं खोलीत. पावलं कळली. ओझं कळलं. सोली कळला. आईचं डोकं दाराच्या फटीशी होतं म्हणून ती वाचली, तेही कळलं.

"आई," मी शिडीवरच म्हणाले, "तू नव्हतीस गं. तू नव्हतीस."

आनंदानं मी शिडीची आणखी एक पायरी चढले. मी कंदील वर घेतला, ते बुजवलेलं तोंड नीट बघायला. चुन्यात तीन बोटं उठलेली होती. विटकरी रंगाची. मधलं आखूड.

मला वाटलं मी पुन्हा त्या वायूत सापडले. पण खिडक्या उघड्या होत्या. बाहेर झाडांत वारं होतं.

मी छिन्नीनं तो तुकडा कडेकडेनं सोडवला, अख्खा, आणि घेऊन खाली आले. चाचा दारात उभा होता. मी तुकडा पुढं केला.

"शिडी मी धरली होती," चाचा म्हणाला आणि मटकन चुन्याच्या ढिगावर बसला. "साहेब म्हणाला होता, इथली न्हाणी मोडायची, मागं नवी बांधायची. धुराड्यातनं पाऊस आत येतो, बुजवून टाका. लिंबाजीनं बुजवलं. चुकलं नव्हतं गं तेव्हा काही. ती न्हाणी मोडायची राहिली, मग बाळ झालं, थंडी पडली, मडम म्हणाली पाणी जवळच तापवा. बंब परत आणला. आम्हाला कुणी सांगितलं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही."

"आणि कळल्यावर?"

"कळलं तेव्हा पोर गेलं होतं. मी म्हटलं, सांग साहेबाला. तो म्हणाला, फाशी देतील. मग सारजाला चावडीवर बसवली. लिंबाजी समोरच्या पिंपळाखाली उभा होता, दिवसभर. तिथनं आल्यावर मला म्हणाला, मी हिच्याशी लग्न करतो."

"आणि खोली? खोली तशीच ठेवली दोघांनी? दुसरं कुणी मेलं असतं मग?"

"बंगल्याला कुलूप लागलं. आत जाऊन फोडणार कसं, सांगणार काय? उघडला की लिंबाजी माळ्याला जाऊन सांगायचा, मागच्या खोलीत वाईट आहे, कुणाला निजवू नका. हळूहळू गावच सांगायला लागलं." चाचानं डोळे पुसले. "ते भूत त्यानंच घातलं तिथं, हौसे. माणसं लांब राहावीत म्हणून."

माझ्या डोक्यात संतापाचा डोंब उसळला. माणसं लांब राहिली, खरं आहे. माझी आई माझ्या पोरीपासून लांब राहिली. घरात रोज समोर बसून भाकरी खाणारा हा माणूस, तिला एक शब्द सांगू शकत नव्हता? त्या क्षणी तो फोटो हाताशी असता तर मी फोडला असता. आणि लगेच मला त्याचं अंगणात बसणं आठवलं, ते घमेलं मारलं त्या दिवशीचं. रडूच फुटलं. कुणावर रागवायचं तेच कळेना.

पेरीनबाई मागं उभ्या होत्या हे मला उशिरा दिसलं. त्यांना बोटांचं काही उमगलं नव्हतं, पण बंबाचं उमगलं होतं. "ओ खोदाय," त्या म्हणाल्या. "ममा मरेपर्यंत सारजाला शिव्या देत होती. आणि कोळसे तर ममाच घालायला सांगायची." त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "ती भाकरी घेऊन येते ना फाटकाशी? मी जाते."

मी तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि शिडीमागं ठेवला. चाचाला म्हटलं, "आईला धुराड्याचं सांगायचं. बोटांचं नाही. तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे." चाचानं मान हलवली. माझं पक्कं ठरलं होतं. आईला तिचे हात परत द्यायचे, पण तिचा नवरा काढून घ्यायचा नाही.

खिडकीतनं मला फाटक दिसत होतं. पेरीनबाई आईपुढं उभ्या राहून काहीतरी बोलल्या. आईनं मान नाही नाही अशी हलवली. मग पेरीनबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, ते पदरात गुंडाळलेले हात, उलगडून आपल्या गालांना लावले. आईचा आवाज खिडकीपर्यंत आला, "बेबीबाई, किती वाळलात हो." आणि आई त्यांच्या मागनं, इतक्या वर्षांनी, फाटकाच्या आत आली.

उंबऱ्यावर मात्र तिचा पाय अडला. मी हात दिला. सगळं सांगितलं, बंब, नळी, धुराडं, पोकळ भिंत. दोनदा सांगितलं. ती एकेका वस्तूला हात लावून बघत होती. पाळण्याच्या आकड्यांखाली ती बराच वेळ उभी राहिली.

"म्हंजे अफू न्हवती," ती म्हणाली.

"नव्हती."

"आणि ते... कोण न्हवतं इथं."

"कोणी नव्हतं आई. नुसता वायू होता."

तिनं सुस्कारा टाकला. तो कुठनं आला कोण जाणे, संपतच नव्हता. मला वाटलं झालं, सुटलो आपण. तेवढ्यात तिनं वर बघितलं.

"बुजवलं कुणी?"

"असेल कुणी गवंडी," मी म्हटलं. "मेलाही असेल आता."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती चाचाकडं बघत होती. "इलाहीभावजी, तुम्ही खाली का बघता?"

चाचाची मान आणखी खाली गेली. 

"हौसे, दाखीव," आई म्हणाली.

"काय दाखवू?"

"जे लपवलंयस ते. तुला लहानपणापासनं लपवता येत न्हाई."

मी गोणपाट आणलं. तिनं खाली बसून ते मांडीवर घेतलं, उलगडलं, आणि त्या तीन खळग्यांत आपली तीन बोटं ठेवली. मधलं बोट आत मावलं नाही. पेरीनबाई माझ्याकडं प्रश्नार्थक बघत होत्या. मी त्यांना खूण केली, आता नको.

"लग्नाच्या आधी ते आमच्या खोपटावर आले होते," आई म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "गावात माझ्याशी कुणी बोलत न्हवतं तेव्हा. आले, दारात बसले, आणि पहिलं काय विचारलं? बंबात विस्तव कोण घालायचं? मी म्हटलं, मीच घालायचे. मडम सांगायची, सारजा, जास्त घाल, सकाळी पाणी ऊन पायजे. मी निजताना दोन ओंजळी जास्त घालायचे. हे ऐकलं आणि ढसाढसा रडले. पुरुष माणूस तसं रडताना मी कधी बघितला न्हवता. मला वाटलं, माझ्यासाठी रडणारं एक तरी माणूस निघालं. म्हणून हो म्हटलं मी."

तिनं त्या खळग्यांतली धूळ अंगठ्यानं पुसली.

"माझ्यासाठीच रडले असतील," म्हणाली, आणि तुकडा पदरात बांधला.

 घरी येऊन तिनं भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं, झोपली. मी तिच्याकडं बघत पडले होते. मला भीती एवढीच होती की मी तिचे हातही दिले नाहीत आणि नवराही नेला.

सकाळी उठले तर गोदाकाकू दारातनं परत चालली होती, तोंड आ करून. "तुझी आई म्हणते, आजपासनं यायचं कारण न्हाई," म्हणाली.

बापाच्या फोटोपुढं उदबत्ती नव्हती. तिच्या जागी तो चुन्याचा तुकडा ठेवलेला होता, बोटांची बाजू फोटोकडं करून. न्हाणीत आई पाटावर बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं, पाय लांब सोडलेले, शेजारी तेलाची वाटी. चुलीवर पाणी तापत होतं. तिचे हात कापत होते आणि ती ते लपवत नव्हती.

"आण तिला."

मी बायडीला तिच्या पायांवर पालथी निजवली. आईनं तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून राहिली. पोरीचा श्वास वरखाली होत होता, तसा तिचा हात वरखाली होत होता. बायडीनं जरा चुळबूळ केली आणि खुशाल आजीच्या लुगड्यावर मुतली. आई हसली. मोठ्यानं, तोंड उघडून. मला आईचं हसणं असं असतं हेच ठाऊक नव्हतं.

मग ती एकदम थांबली. चुलीतल्या विस्तवाकडं बघितलं, वर आढ्याकडं बघितलं, आणि दुसराही हात पोरीच्या पाठीवर ठेवला.

"हौसे," म्हणाली, "आधी ती खिडकी उघड."